वळणाऱ्या लॅपटॉपची रॅम सोल्डरची की स्लॉटची, ते पाटीवर लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुना लॅपटॉप असलेली अनेक घरे त्यामुळे नव्याच्या शोधात आहेत. त्यातही बोटाने चालणारा, पूर्ण मागे वळवला की टॅबलेट होणारा लॅपटॉप विद्यार्थ्यांना हवासा वाटतो. गणिताच्या पायऱ्या, रसायनशास्त्राच्या आकृत्या, पीडीएफवरच्या खुणा पेनाने थेट पडद्यावर करता येतात, म्हणून ही मागणी रास्तच आहे. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन दुकानांत असे 'थ्री-सिक्स्टी' लॅपटॉप नवे आणि रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त करून विकायला ठेवलेले) असे दोन्ही मिळतात. पण पाटीवर लिहिलेले असते ते एवढेच: आय-फाइव्ह, ८ जीबी, टच. यातले ८ जीबी म्हणजे रॅम, चालू काम धरून ठेवणारी मेमरी. 'सध्या ८ जीबी घ्या, पुढे वाढवता येईल' असे तोंडी सांगितले जाते. या प्रकारच्या लॅपटॉपमध्ये ते वाक्य फार वेळा खोटे ठरते, आणि ते कळते पैसे मोजून झाल्यावर. म्हणून हा पत्रप्रपंच.

टॅबलेटसारखा हातात धरायचा म्हणून हा लॅपटॉप पातळ करतात. रॅमची पट्टी काढता-घालता येते त्या नेहमीच्या सॉकेटची, म्हणजे स्लॉटची, उंचीच सुमारे ४ मिलिमीटर. ती वाचवण्यासाठी रॅमच्या चिप्स थेट मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) सोल्डर केल्या जातात, म्हणजे डाख देऊन कायमच्या जोडल्या जातात. एलपीडीडीआर नावाची वीज कमी खाणारी रॅम तर सहसा सोल्डर करूनच बसवतात. ती काढून मोठी बसवणे हे गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचे काम नाही. त्याला चिप्स तापवून काढणारे बीजीए यंत्र, नेमक्या चिप्स आणि अनेकदा बायोसमधले (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधले) बदल लागतात, आणि एवढे करूनही बोर्ड जगेल याची हमी नसते.

काही उदाहरणे देतो. लेनोव्होचे थिंकपॅड एल३८० योगा आणि एल३९० योगा हे १३.३ इंची लॅपटॉप, दोन्हींत रॅमचे दोन स्लॉट. त्याच घराण्यातल्या पुढच्या एल१३ योगात मात्र रॅम सोल्डरची. एक्स१ योगा आणि एक्स३८० योगा, सोल्डर. एचपीचा एलिटबुक एक्स३६० १०३० दिसायला देखणा, धातूचा, हलका, पण रॅम सोल्डर. लेनोव्होचा आयडियापॅड फ्लेक्स ५ चा १४ इंची लॅपटॉप नवा म्हणून खूप खपला, त्यातही सोल्डर. डेलच्या इन्स्पिरॉन १४ मालिकेतल्या ५४०६ टू-इन-वनमध्ये दोन स्लॉट आहेत. एचपीच्या पॅव्हिलियन एक्स३६० मध्ये बऱ्याच १४ इंची मॉडेलांना स्लॉट आहेत, पण नाव तेच ठेवून दर वर्षी आतले बदलते. म्हणून 'पॅव्हिलियन आहे, वाढते' एवढ्यावर विसंबू नये. पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचे त्याचे सर्व्हिस मॅन्युअल उघडून मेमरीचे पान पाहावे.

दुकानात झाकण न उघडताही हे अर्ध्या मिनिटात कळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जावे आणि खालची 'फॉर्म फॅक्टर' ही ओळ वाचावी. तिथे 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅम स्लॉटमध्ये आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर. शेजारी 'स्लॉट्स यूज्ड' अशीही ओळ असते. ती पाहून अनेकजण फसतात, कारण सोल्डर केलेल्या बोर्डावरही तिथे 'दोनपैकी दोन' असे आकडे येतात. त्यापेक्षा फॉर्म फॅक्टरची ओळ अधिक भरवशाची.

सोल्डरचा लॅपटॉप वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. १६ जीबी आधीच असेल आणि किंमत जमत असेल तर खुशाल घ्यावा, चार-पाच वर्षे निभावेल. ८ जीबी सोल्डरचा लॅपटॉप वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्याला, ब्राउझर, वर्ड आणि ऑनलाइन तासांपुरता पुरतो. अँड्रॉइड स्टुडिओ, ऑटोकॅड किंवा व्हर्च्युअल मशीन चालवायचे असेल तर तो पहिल्याच सत्रात अडकतो. आणि ४ जीबी सोल्डर असलेला लॅपटॉप कोणत्याही किमतीला घेऊ नये. २०२५ च्या अखेरपासून मेमरीचे भाव झपाट्याने चढले आहेत, हेही हिशेबात धरा. स्लॉट असला तरी 'आता ८, मग १६' हा बेत पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. घेतानाच १६ जीबीचा भाव विचारून तुलना करावी.

रॅम वाढवताना नेमकी तीच जात लागते. डीडीआर३एलला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, डीडीआर५ ला २६२, आणि मधली खाच प्रत्येकीची वेगळ्या जागी. त्यामुळे चुकीची पट्टी बसणारच नाही. बसत नाही म्हणून जोर लावला की सॉकेटची पिन वाकते. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांची खाच मात्र एकच आहे. फरक व्होल्टेजचा, १.५ आणि १.३५. २०१४ च्या आसपासच्या स्वस्त टच लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ डेल इन्स्पिरॉन ११ मालिकेतल्या ३१४७ मध्ये, १.३५ व्होल्टचीच रॅम चालते. दुसरी बसते, पण पडदा काळाच राहतो आणि गिऱ्हाइकाला वाटते बोर्ड गेला. पट्टीच्या स्टिकरवर पीसी३ च्या पुढे 'एल' हे अक्षर आहे का, ते पाहावे. डीडीआर४ मध्ये वेगाची चिंता नको. ३२०० ची पट्टी जुन्या लॅपटॉपमध्ये २४०० वर निमूट चालते. दोन स्लॉट असतील तर १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्याव्यात. या लॅपटॉपांत सहसा ग्राफिक्सची स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅमच वापरते, आणि दोन पट्ट्यांनी तिचा रस्ता दुप्पट रुंद होतो. पेनाने लिहिताना रेघ पेनामागे रेंगाळते ती तक्रारही यामुळे काही वेळा कमी होते.

साठवणीचे पाहू. नव्यातल्या सर्वांत स्वस्त टच लॅपटॉपमध्ये सेलेरॉन प्रोसेसर आणि ६४ जीबी ईएमएमसी असते. ही ईएमएमसी म्हणजे बोर्डवर सोल्डर केलेली मोबाइलसारखी साठवण. विंडोजमध्ये ती ५८ जीबीच्या आसपास दिसते. त्यातले निम्मे विंडोजच घेते. मोठे अपडेट आले की जागा पुरत नाही, ते अर्ध्यात अडकते आणि लॅपटॉप रोज तेच अपडेट पुन्हा उतरवू लागतो. मेमरी कार्ड घालून फाइली हलवता येतात, विंडोज हलवता येत नाही. ईएमएमसी झिजली की बोर्डच बदलावा लागतो. विद्यार्थ्याच्या माथी असा लॅपटॉप मारू नये, ही विक्रेत्यांना कळकळीची विनंती.

एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी (चिप्सवरची वेगवान साठवण) बसवायची जागा, असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात: लांबी, जात आणि स्क्रू. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. पातळ लॅपटॉपात २२४२ किंवा २२३० सुद्धा असतात, आणि तिथे लांब कार्ड बसत नाही. जात म्हणजे जोडणीची पद्धत, ती दोन प्रकारची: साटा आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. साटा कार्डाच्या कडेला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. दोन खाचांचे कार्ड एका खाचेच्या स्लॉटात आरामात बसते, पण तो स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर बायोसमध्ये ते दिसतच नाही. मग 'एसएसडी खराब निघाली' म्हणून परत पाठवली जाते. कार्ड धरून ठेवणारा इवलासा स्क्रू बहुतेक एम२ मापाचा, म्हणजे २ मिलिमीटर जाडीचा आणि सुमारे ३ मिलिमीटर लांबीचा असतो. रिकाम्या स्लॉटात तो बऱ्याचदा नसतो, तेव्हा एसएसडीबरोबर मागून घ्यावा. त्याऐवजी चिकटपट्टी लावलेली आम्ही पाहतो. उष्णतेने ती सुटते आणि कार्ड वर उचलले जाते.

वेगाच्या जाहिरातींना भुलू नये. ५४०० फेऱ्यांची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, साटा एसएसडी ५५० पर्यंत, जेन-३ (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई ३,५०० पर्यंत. पण रोजच्या कामात खरी उडी पहिली, हार्ड डिस्कवरून एसएसडीवर. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक वर्ड उघडताना जाणवतही नाही. त्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा ते रॅमवर घालावेत. अविश्वसनीय स्वस्तातली एक-दोन टीबीची बेनामी एसएसडी मात्र घेऊ नये. त्यातल्या कित्येकांत आतली क्षमता थोडी आणि ती जास्त दाखवणारे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) खोटे असते. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन डिस्क पूर्ण भरून परत वाचते आणि खरी क्षमता सांगते.

प्रोसेसरचे एकच पाहावे. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर आहेत. रिफर्बिश्ड बाजारात ही रेघ फार महत्त्वाची. एलिटबुक एक्स३६० १०३० चा जी-२ सातव्या पिढीचा आणि जी-३ आठव्या पिढीचा. नावात फरक तेवढ्या एका आकड्याचाच. एक्स१ योगाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीतही नेमका हाच फरक. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा वाचावा: ७२०० किंवा ७३०० ने सुरू होणारा नको, ८२५० चालेल. जुन्या प्रोसेसरवर पळवाट काढून विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण पुढचे मोठे अपडेट त्यावर येईलच असे नाही, आणि ही गोष्ट विकताना सांगितली जात नाही. घरात आधीच असलेल्या इन्स्पिरॉन ३१४७ सारख्या लॅपटॉपला एसएसडी आणि ८ जीबी रॅम घालून विंडोजऐवजी उबुंटू किंवा फेडोरा ही मोफत लिनक्स प्रणाली बसवावी. त्यातल्या ग्नोम डेस्कटॉपला टच आणि पडदा आपोआप वळणे दोन्ही बऱ्यापैकी जमते. पण यासाठी नव्याने कुणी तो लॅपटॉप विकत घेऊ नये.

आता काउंटरवरची तपासणी. इथे वीस मिनिटे घालवावीत आणि दुकानदाराने ती घालवू द्यावीत.

बिजागरी आधी. लॅपटॉप टेबलावर ठेवून पडदा मधोमध धरून हळू उघडावा, १८० अंशांवर थांबावे, मग पूर्ण मागे न्यावा. दोन्ही बाजूंना ताण सारखा लागला पाहिजे. बिजागरीचे स्क्रू बहुतेक स्वस्त लॅपटॉपात प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसवलेले असतात. वंगण सुकून बिजागरी घट्ट होते, तेव्हा प्रत्येक उघडझापेला ते नट प्लास्टिकमधून उपसले जातात. खूण अशी, की उघडताना बिजागरीपाशी झाकणाची कड नखाएवढी वर उचलली जाते आणि 'कट्' असा आवाज येतो. तसे दिसले तर तो लॅपटॉप ठेवून द्यावा. आत एपॉक्सी (कडक होणारा गोंद) भरलेली असेल तर पुढची दुरुस्ती आणखी अवघड. पडदा कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय हेच याचे मोठे कारण आहे. नव्या लॅपटॉपवालेही हे ध्यानात ठेवतील तर बरे. पडदा फिरवताना चित्र लुकलुकते का, तेही याच वेळी पाहावे. पडद्याची आणि टचची केबल बिजागरीतूनच जाते, आणि ती पिचली असेल तर ठरावीक कोनात पडदा फडफडतो.

मग टच. पेंट उघडून एका बोटाने पडद्यावर शेतात नांगर फिरवावा तशा एकमेकींना लागून आडव्या रेघा ओढाव्यात, मग उभ्या. प्रत्येक रेघ एकाच जागी तुटत असेल तर तिथला पट्टा मेला आहे. हीच चाचणी चार्जर लावून पुन्हा करावी. चार्जर लावल्यावरच रेघ थरथरत असेल, किंवा कुणी हात न लावता पडद्यावरच्या खिडक्या उघडझाप करत असतील, तर पडद्याला दोष देण्याआधी अर्थिंग पाहावे. टच पडदा बोटाने होणारा विद्युतभारातला अगदी बारीक बदल मोजतो. चार्जरमधून झिरपणाऱ्या बारीकशा विजेला जमिनीत जायला वाट मिळाली नाही की ती लॅपटॉपच्या अंगावरच राहते. धातूच्या कडेवरून मनगट फिरवले तर बारीक मुंग्या येतात, तेही यामुळेच. दोन पिनांचा चार्जर किंवा जुन्या इमारतीतला, तिसरे भोक असलेला पण मागे वायर नसलेला सॉकेट, ही त्याची कारणे. तीन पिनांचा मूळ चार्जर आणि खरे अर्थिंग असलेला सॉकेट वापरून पाहिल्याशिवाय पडदा बदलू नये. या लॅपटॉपांत काच आणि पडदा सहसा एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती काच तडकली तरी पूर्ण जोड बदलावी लागते, आणि स्वस्त लॅपटॉपच्या बाबतीत तो खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या मानाने फार मोठा असतो.

पेन चालते का, हा प्रश्न स्वतंत्र. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट असे गेल्यावर 'पेन अँड टच' ही ओळ येते. तिथे पेन आणि टच दोन्हींचा उल्लेख असेल तरच दाब ओळखणारे पेन चालेल. नुसताच टच लिहिले असेल तर मिळणारे पेन म्हणजे रबरी टोकाचे बोट. तळहात टेकला की तिथेही रेघ उमटते, त्याने वहीसारखे लिहिता येत नाही. चालत असेल तरी पेनाची भाषा जुळावी लागते. वॅकॉमची एईएस आणि मायक्रोसॉफ्टचा पेन प्रोटोकॉल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्रोमबुकसाठीची यूएसआय पेने विंडोजच्या लॅपटॉपवर सहसा चालत नाहीत. एल३८० योगाचे पेन लॅपटॉपच्याच खोबणीत राहते आणि तिथेच चार्ज होते. रिफर्बिश्ड लॅपटॉपात ती खोबण बहुधा रिकामी असते. पेन हाती पडल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नयेत. सुटी पेने अनेकदा एएएए मापाच्या सेलवर चालतात. हा सेल एएएपेक्षाही बारीक असून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, तेव्हा दोन जास्तीचे घेऊन ठेवावेत.

पडदा आयपीएस असावा. टीएन पडदा वरून किंवा बाजूने पाहिला की रंग उलटतात, आणि तंबूसारखा उभा करायच्या लॅपटॉपला असा पडदा काय कामाचा? १४ इंची लॅपटॉपचे वजन दीड किलोच्या पुढेमागे असते. हातात धरून अर्धा तास वाचायचे असेल तर १३ इंचीच घ्यावा.

बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतः देते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून स्लॅश आणि 'बॅटरीरिपोर्ट' हे इंग्रजीत टाइप करावे. फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे असतात. पहिला ४५,००० आणि दुसरा २७,००० असेल तर बॅटरीत ६० टक्के जीव उरला आहे. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कमी करून घ्यावी. लॅपटॉप सपाट काचेवर ठेवला असता डुगडुगत असेल, किंवा टचपॅड दाबला जात नसेल, तर आत बॅटरी फुगली आहे. तो भाव न करता परत द्यावा.

कंपन्यांतून आलेल्या लॅपटॉपात आणखी दोन सापळे असतात. एक, बायोसचा सुपरवायझर पासवर्ड. सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, एचपीवर एफ१०, डेलवर एफ२ दाबून बायोसमध्ये जाता आले पाहिजे. पासवर्ड मागितला तर घेऊ नये, थिंकपॅडमध्ये तो काढणे सोपे नाही. दोन, कंपनीच्या यादीत अडकलेला लॅपटॉप. दुकानात पूर्ण रीसेट करायला लावावा आणि पहिल्या मांडणीच्या (सेटअपच्या) वेळी वायफाय जोडावे. एखाद्या कंपनीच्या नावाने स्वागत झाले आणि तिथलाच ईमेल मागितला, तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या व्यवस्थापनातून सोडवलेला नाही. वायफायशिवाय मांडणी करून विकला तर हे लपते आणि पुढच्या रीसेटला गिऱ्हाईक अडकते. पावतीवर जीएसटी क्रमांक आणि बायोसमध्ये दिसतो तोच सीरियल नंबर लिहून घ्यावा.

आता रॅम आणि एसएसडी बदलण्याचे काम. हे घरी जमण्यासारखे आहे, फक्त घाई नको. आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप, पाहावे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खाते जोडले की अनेकदा डिस्कला आपोआप कुलूप लागते. बायोसमध्ये काही बदलले की ४८ अंकी चावी मागितली जाते. ती खात्यात जपलेली असते, ती कागदावर उतरवून घ्यावी किंवा कुलूप तात्पुरते थांबवावे. मग लॅपटॉप पूर्ण बंद करावा. शिफ्ट दाबून शटडाउन केला की फास्ट स्टार्टअपची अर्धवट झोप राहत नाही. चार्जर काढावा, पेन खोबणीतून काढावे. थिंकपॅडमध्ये बायोसच्या कॉन्फिगमधल्या पॉवरमध्ये आतली बॅटरी बंद करण्याची सोय आहे. ती वापरावी, चार्जर पुन्हा लावला की बॅटरी आपोआप जागी होते.

खालचे स्क्रू सोडवताना त्यांची लांबी सारखी नसते. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो कीबोर्डच्या बाजूने टेंगूळ काढतो किंवा बोर्ड चिरतो. पॅव्हिलियन एक्स३६० च्या अनेक मॉडेलांत काही स्क्रू रबरी पट्टीखाली असतात. पट्टी हेअर ड्रायरने किंचित गरम करून सावकाश सोलावी, म्हणजे तिचा गोंद पुन्हा चिकटतो. झाकण उचकटायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर घेऊ नये. प्लास्टिकची चिप किंवा जुने एटीएम कार्ड घ्यावे, पुढच्या कडेने सुरुवात करावी आणि बिजागरीची बाजू शेवटी सोडवावी. झाकण निघताच पहिले काम बॅटरीचा कनेक्टर काढणे. तो वायर ओढून काढू नये, दोन्ही कडांना नखाने आळीपाळीने सरकवावा. यानंतरच रॅमला हात लावावा.

रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी तिरकी उभी राहते. नवी त्याच तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवावी. सोनेरी कड जेमतेम दिसेनाशी झाली पाहिजे. मग खाली दाबली की 'टक्' असे होते. कोकणपट्टीत किंवा मुंबईत समुद्राजवळ वापरलेल्या लॅपटॉपांत या सोनेरी कडा काळवंडलेल्या असतात. खोडरबर घासू नये, त्याने मुलामा निघतो आणि चुरा सॉकेटात जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पुसावे आणि पाच मिनिटे सुकू द्यावे. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, कारण लॅपटॉप नव्या मेमरीची ओळख करून घेत असतो. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नये. दोन-तीन मिनिटांनीही काही दिसले नाही आणि दिवे ठरावीक चालीने लुकलुकत राहिले, तर दहापैकी नऊ वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते.

एसएसडी बदलल्याने विंडोजचा मूळ परवाना जात नाही. तो बोर्डाशी बांधलेला असतो, बोर्ड बदलला तरच जातो. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूलने विंडोज घ्यावे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉपात विंडोज बसवताना एसएसडीच दिसत नाही, अशी तक्रार नेहमी येते. एसएसडी ठीक असते, पण ती इंटेलच्या व्हीएमडी या नियंत्रकामागे असते आणि विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर (तो भाग ओळखून चालवणारे सॉफ्टवेअर) नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, त्याचे फोल्डर उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवावे आणि 'लोड ड्रायव्हर' म्हणून दाखवावे. नुसती इन्स्टॉलरची फाइल तिथे चालत नाही.

नवे विंडोज बसल्यावर वळणाऱ्या लॅपटॉपात खास अडचणी येतात. पडदा वळवला तरी चित्र वळत नाही, किंवा टॅबलेट केल्यावरही कीबोर्ड चालूच राहतो आणि मांडीला टेकून अक्षरे टाइप होतात. बिजागरी खराब झालेली नसते. इंटेल इंटिग्रेटेड सेन्सर सोल्युशन आणि एचआयडी इव्हेंट फिल्टर हे ड्रायव्हर बसलेले नसतात. टचच गेला असेल तर सीरियल आयओचा ड्रायव्हर पाहावा. बोट एका जागी आणि खूण दुसऱ्या जागी पडत असेल तर कुणीतरी टॅबलेट पीसी सेटिंग्जमध्ये विनाकारण कॅलिब्रेशन केलेले असते. तिथेच 'रीसेट' दाबले की पूर्ववत होते.

बदललेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा चार्ज करू नये. ती वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नव्या बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी समिती नेमली. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुण देणारा निर्देशांक १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दाखवावा लागतो. आपल्याकडेही लॅपटॉप त्या चौकटीत यावेत, आणि तोवर निदान दुकानदारांनी स्वतःहून किमतीच्या चिठ्ठीवर अशी ओळ लिहावी: 'रॅम ८ जीबी, सोल्डर, वाढत नाही. साठवण २५६ जीबी, एम.२ २२८० एनव्हीएमई, बदलता येते. बॅटरी ४५ पैकी ३८ वॉट-तास. पेन चालते, सोबत दिलेले नाही. विंडोज ११ अधिकृत.' आपल्या वृत्तपत्राने ही मागणी विक्रेत्यांच्या संघटनांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपले,
लॅपटॉप दुरुस्तीचे काम करणारे तंत्रज्ञ, पुणे